पळायचा सीन

पिक्चर अर्धा अमेरिकेचा, अर्धा ऑस्ट्रेलियाचा. गर्दी मात्र अख्खी लालबागची. परळच्या स्टुडिओत पुठ्ठ्याचा बाजार उभा केला होता आणि त्यात फिरायला आम्हा चाळीतल्या बायकांना बोलावलं होतं. लुगडी आमचीच. कॅमेऱ्यात फार उजळ दिसतात म्हणून त्यांनी ती चहाच्या पाण्यात बुडवून काढली. माझं लग्नातलं नव्हतं, नाहीतर बुडवणाऱ्या मेल्याची खैर नव्हती.

सीन सोपा. पोलीस बंदुका घेऊन येणार, फटाके वाजणार, आम्ही किंचाळत पळायचं. पोलीस म्हणजे आमच्याच गिरणीतले बाप्ये, खाकी चढवलेले.

माझ्या मोठ्या जाऊबाईही होत्या. त्यांचे यजमान, माझे थोरले दीर, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेले. गोळी पाठीत होती. तेवढ्यावरून शेजारीण नळावर कुजबुजायची, पळताना लागली म्हणून. पडलेल्या माणसाला उचलायला ते मागे वळले होते, हे बघणारे होते. पण जिभेला काय हाड असतं?

फटाके वाजले, आम्ही पळालो. मागे बघते तर जाऊबाई बाजाराच्या मधोमध उभ्या, पोलिसांकडे तोंड करून. पिक्चर काढणारा गोरा साहेब ओरडला. दुभाष्या धावत आला.

"बाई, पळायचंय. खोटं आहे हो सगळं."

"खोटं असलं तरी मी नाय पळायची. आमच्या घरात कोण पळत नाय."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. माझ्यामागून एकेक करत साऱ्या आल्या. "पळायला दुसऱ्या बाया आणा," मी दुभाष्याला ठणकावलं. साहेब वैतागला, मग म्हणाला, राहू दे उभ्या, पोलिसांनी चाल करून यावं. तर आमच्या बाप्यांचे पायच उचलेनात! उलट दोन पावलं मागे सरले. साहेबाने पिक्चरमध्ये तेच घेतलं.

दादरला पिक्चर लागला तेव्हा अख्खी चाळ गेली, शेजारीणही. आम्ही दिसलो ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण जाऊबाई पडदाभर.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणीने आपला हंडा सरकवून जाऊबाईंचा आधी लावला.

"ते उचलायला वळले होते गो," जाऊबाई म्हणाल्या.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली.