छकुली चालली सासराले

तुळशीराम गायला लागला की आमच्या मलकापुरात नवरीचा मामासुद्धा रडायचा, आणि मामा मंडळी लग्नाला कशासाठी येतात ते तुम्हाला माहीतच आहे. जेवणाला नावं ठेवायला. तर असा हा गडी. भगवंतरावांच्या बँडमध्ये तो गायचा. अंगात बँडवाल्यांचा लाल कोट, एका खांद्याला उसवलेला, पायात साधी चप्पल आणि हातात तो सदा कुरकुरणारा माईक. वरातीत सिनेमाची गाणी म्हणायचा, ती बेताचीच. पण पाठवणीसाठी त्याचं स्वतःचं एक गाणं होतं, शब्द त्याचे, चालही त्याचीच. त्या एका गाण्यासाठी लोक आधी भगवंतरावांचा बँड ठरवायचे आणि मग भटजींना तारीख विचारायचे.

त्या गाण्याची एक रीत होती. पाठवणीच्या थोडं आधी तुळशीराम बायकांच्या घोळक्यापाशी यायचा आणि हळूच विचारायचा, "पोरीले घरात काय म्हनता जी?" पत्रिकेतलं नाव त्याला नको असायचं. मग शेवटच्या कडव्यात ते घरातलं नाव यायचं.

मलकापूरची अमकी चालली सासराले,
कोन हाक मारीन आता घरी बापाले?

दिवसभर चि. सौ. कां. होऊन बसलेली पोरगी आपलं घरातलं नाव माईकवर ऐकायची आणि तिथेच तिचा बांध फुटायचा. माझ्या लग्नातही त्यानं हेच केलं. माझं घरातलं नाव मी इथे सांगणार नाही, ते सांगण्यासारखं नाही. पण ते ऐकून माझे कडक वडील मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले होते. मला गावातल्या गावात दिली होती, दोन गल्ल्या सोडून. तरी रडले बिचारे.

पुढे भगवंतरावांच्या डोक्यात आलं की बँडची स्वतःची कॅसेट काढायची. कॅसेटचे दिवस भरत आले होते, पण हे आमच्याकडे सांगणार कोण? अकोल्याच्या एका स्टुडिओत दिवस ठरला. तुळशीरामची बायको अन्नपूर्णाबाई नेमकी तापानं पडली होती, म्हणून तो चार वर्षांच्या छकुलीला घेऊन गेला. एकुलती एक लेक. शाळेतलं नाव अनुपमा, पण त्या नावानं तिला कधी कुणी हाक मारली असेल तर ती मास्तरांनीच.

स्टुडिओत बाकीचं गाणं झालं आणि शेवटच्या कडव्याला तुळशीराम अडला. समोर नवरी नाही, नाव कुणाचं घ्यायचं? रेकॉर्डिंगवाला घाई करत होता. छकुली पायाशी बसून बिस्किट खात होती. तिच्याकडे बघून हा गायला, "मलकापूरची छकुली चालली सासराले." आपलं नाव ऐकून पोरीनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मी का, बाबा?"

गाणं चालू होतं. उत्तर कसं देणार? त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढची ओळ म्हटली. रेकॉर्डिंगवाल्याला तो मधला आवाज एवढा आवडला की त्यानं तो काढलाच नाही. एसटीत मात्र पोरगी फुगून बसली. "म्या इचारलं तं तुमी बोलले काऊन नाई?" ही तक्रार तिनं मोठी झाल्यावरही सोडली नाही.

कॅसेट थोडी खपली. मग कुणीतरी ती कॉम्प्युटरमध्ये घातली, तिथून ती स्टेशन रोडच्या मोबाईल दुकानात गेली, आणि तिथे मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्यानं ती येईल त्याच्या कार्डात घातली. त्यानंतर तर दुकानाचीही गरज उरली नाही. पोरं कट्ट्यावर फोनाला फोन लावून बसायची. "ब्लूटूथ चालू कर बे, ते छकुलीवालं पाठव." या फोनातून त्या फोनात, मलकापुरातून नांदुऱ्यात, घाट चढून बुलढाण्यात, तिकडे मेहकर, हिवरा आश्रमापर्यंत गाणं पोचलं. कॅसेटी दुकानात धूळ खात पडल्या. भगवंतराव म्हणायचे, चोर आहेत सगळे. तुळशीराम मात्र खूश होता. "जिथं जाऊन राह्यलो तिथं माहंच गानं वाजून राह्यलं, मालक!" असं त्यांनाच सांगायचा. भोळा, दुसरं काय.

मग डीजे आला. खटाऱ्यावर रचलेले स्पीकरचे बॉक्स आणि एक पोरगा, संपलं लग्न. तुळशीरामचा तो तरुण, कोवळा आवाज फोनात फुकट असताना लाल कोटवाल्यांची अख्खी पंगत कोण पोसणार? त्याच्याच आवाजानं त्याच्या पोटावर पाय दिला. भगवंतरावांनी बँड मोडला, आणि तुळशीराम एका जिनिंगवर चौकीदार झाला. कापसाच्या गाड्या आत घ्यायच्या, फाटक लावायचं. फाटकासमोरून वराती जायच्या आणि त्यात तोच गात असायचा. एकदा न राहवून डीजेवरच्या पोराला म्हणाला, "बाबू, हा आवाज माहा हाय." पोरगा म्हणाला, "काका, आता तो सगळ्याइचाच हाय."

आता नवरीचं नाव रेवती असो की आणखी काही, बॉक्समधून सासरी जायची ती छकुलीच. लोकांना वाटायचं, लाडाचा शब्द असेल. आणि "मी का, बाबा?" हे तर लग्नाचा भागच होऊन बसलं. मांडवातली सगळी पोरंटोरं त्या जागेची वाट बघत असायची. ती जागा आली की एकसुरात ओरडायची, आणि रडणारी नवरीही हसायची.

छकुलीला याचं केवढं अप्रूप! कॉलेजात गेली तरी वरातीचा आवाज आला की गच्चीवर पळायची. "बाबा, पाहा, माही बिदाई होऊन राह्यली!" अन्नपूर्णाबाईंना ते रुचत नसे. लेकीची रोज रोज पाठवणी बरी नव्हे, म्हणायच्या. छकुलीनं बापाकडून कबूल करून घेतलं होतं, "माह्या लग्नात डीजे आनू नोका. तुमीच गानं म्हनजा. अन् म्या इचारलं की या खेपेले उत्तर द्याचं."

ते लग्न झालं नाही. तीन वर्षांमागे भाद्रपदात तिला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस काढले, मग बुलढाण्याला नेलं, आणि तिथून तिला परत आणलं ती चादरीत गुंडाळूनच. एकोणीस वर्षांची पोर. देवाला काही म्हणायची सोय नाही, नाहीतर मी म्हटलं असतं.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. पहिलीच वरात आमच्या गल्लीतून गेली आणि तुळशीरामच्या दारासमोर थांबली. त्याचाच आवाज म्हणाला, मलकापूरची छकुली चालली सासराले. तिचा आवाज म्हणाला, मी का, बाबा? तुळशीराम घरातून अनवाणी धावत आला. बॉक्सपुढे उभं राहून दोन्ही हात हलवत काहीतरी सांगत होता, पण त्या दणदणाटात कुणाला काय ऐकू येणार? लोकांना वाटलं, म्हातारा नाचतोय. त्यांनी त्याला मधे घेतलं.

त्यानंतर तो डीजेवाल्यांकडे, मोबाईल दुकानांकडे जायला लागला. हात जोडायचा. "तेवढं गानं काढून टाका." बहुतेकांनी त्याच्यासमोर काढलंही, लोक वाईट नसतात. हर्षल नावाचा आमच्याच भागातला डीजेवाला, त्यानं तर आपला अख्खा कॉम्प्युटर उघडून दाखवला. मग म्हणाला, "काका, म्या काढलं. पन ते या फोनातून त्या फोनात गेलं. त्याले ना मालक ना दुकान. कोनाकोनाले सांगत फिरसान?" तरी तो फिरत राहिला. एक दिवस घरी आला तर अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरात फोन कानाला लावून बसलेल्या. तेच गाणं. तो काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमाले तिचा आवाज नोको असन. मले पायजे." त्यांच्या फोनाला त्यानं हात लावला नाही.

यंदा माझ्या भावाच्या मुलीचं, अर्पिताचं लग्न निघालं. मीच जिनिंगच्या फाटकावर तुळशीरामकडे गेले. म्हटलं, "तुळशीरामभाऊ, माझ्या पाठवणीला तुम्ही गायलात, हिच्याही गा." तो नको नको म्हणाला. गळा गेला, म्हणाला. मग फाटकाची कडी लावून माझ्याकडे वळला.

"गाईन ताई. पन बॉक्स बंद ठेवजा. अन् नाव म्या घेईन, पोरीचं सोताचं. एका तरी लग्नात माह्या लेकीचं नाव नोको. तिले आता निजू द्या."

मी कबूल केलं. हर्षललाही सांगितलं, त्यानं पाठवणीआधी बॉक्सची वायरच काढून टाकली, मांडवातला साधा कर्णा आणि माईक तेवढा ठेवला.

लग्नाच्या दिवशी तुळशीराम आला. लाल कोट नव्हता, इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. अन्नपूर्णाबाई बायकांमध्ये बसल्या. पाठवणीची वेळ झाली तसा तो घोळक्यापाशी आला आणि पूर्वीसारखंच हळूच विचारलं, "पोरीले घरात काय म्हनता जी?"

"अर्पू," मी म्हटलं.

त्यानं गायला सुरुवात केली. गळा खरंच गेला होता, वरच्या सुरावर कापत होता. पण लोक जवळ सरकून ऐकायला लागले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. लोकांना गाणं तोंडपाठ होतं ना! आधी बायका हळूहळू त्याच्यामागून म्हणायला लागल्या, मग पोरं, मग सगळेच. तो सुखावलासा दिसला. शेवटच्या कडव्यापर्यंत मांडव त्याच्याबरोबर आला.

तो गायला, "मलकापूरची अर्पू..."

मांडव गायला, "मलकापूरची छकुली चालली सासराले."

त्याचा आवाज कुठल्या कुठे बुडाला. त्यांचा काय दोष? त्यांना गाणं तेवढंच माहीत. आणि मांडवातली सगळी पोरं, ज्यांनी छकुलीला कधी पाहिलं नव्हतं, ती एकसुरात ओरडली, "मी का, बाबा?"

मला वाटलं, हा माणूस आता पडणार. मी पुढे झाले. तो उभाच होता, माईक तोंडाशी तसाच. आजूबाजूला पोरं हसत होती, त्याच्याकडे बघत होती. त्यानं त्यांच्यावरून नजर फिरवली, जणू त्यातली एक शोधतोय. मग सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"हाव बाई. तूच."

पोरांचं हसू थांबलं. अन्नपूर्णाबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला. अर्पिता, जिची पाठवणी होती ती, गाडीजवळून मागे आली आणि तिनं तुळशीरामच्या पायांवर डोकं ठेवलं. मांडव पुढच्या ओळीसाठी थांबला होता. त्यानं माईक हर्षलच्या हातात दिला आणि तो चपला शोधायला लागला.

कुणीतरी फोनात ते घेतलं होतंच. आता हेही गाणं या फोनातून त्या फोनात चाललंय, परवा चिखलीच्या माझ्या नणंदेनं मलाच पाठवलं. कोण गं हा म्हातारा, किती छान उत्तर देतो, असं वर लिहून. हे मात्र काढून टाका असं तुळशीरामनं कुणाला सांगितलेलं नाही. ते उत्तरापाशीच संपतं. बापाला आता घरात कोण हाक मारील, ती ओळ त्यात नाही. ती त्याला म्हणता आली नाही.