निळं झालं का?

फाउंड्रीतले किस्से वाळूसारखे असतात. चपलेत, डब्यात, केसांत साठत जातात आणि आपल्यासोबत घरी येतात. माझ्या घरी मात्र ऐकायला कोणी नव्हतं. ऐकणारी अकोल्याला होती.

ओवी, माझी पाच वर्षांची लेक. मी अमरावतीच्या एमआयडीसीत, लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत. साच्यात ओतलेला धातू कुठे आधी थिजेल आणि कुठे शेवटी, हे ओतण्याआधीच कॉम्प्युटरवर काढून दाखवायचं, हे माझं काम. नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणून ओवीला माझ्या आईकडे ठेवलं. "फक्त दोन महिने!" आता आठवा चालू होता.

स्क्रीनवर गरम धातू लाल दिसतो, थिजला की निळा. व्हिडिओ कॉलवर एकदा ओवीला वाळूचे साचे आणि ही स्क्रीन दाखवली आणि बोलून बसले, "सगळं निळं झालं की आई येते." तेव्हापासून रोज एकच प्रश्न. "निळं झालं का वं आई?"

गेल्या महिन्यात तिनं विचारणं बंद केलं. सलग आठ दिवस. माझी झोप उडाली ती तेव्हा.

*

कामाचा पहिला आठवडा, मे महिना. मी सगळ्यांसमोर कॉम्प्युटरवरचं मॉडेल उघडलं. नामदेवकाका हेड मोल्डर, वाळूचे साचे बनवणाऱ्यांचे प्रमुख, रोज नांदगाव खंडेश्वरहून एसटीनं येणारे. चष्मा वर सारून त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय हो म्याडम?"

"साच्याचं सुरुवातीचं तापमान. पंचवीस डिग्री."

काकांनी दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "हे पंचवीस डिग्री कोण्या गावचे हो?"

सॉफ्टवेअरनं जे भरून दिलं होतं, ते मी तसंच ठेवलं होतं. विदर्भात जन्म काढून!

*

आमच्याकडे कूलर एकच. तो माझ्या टेबलाकडे तोंड करून, कारण लॅपटॉप तापून बंद पडायचा. भट्टीवरची माणसं जाता-येता हसायची.

"लोखंड आमी वितळवून राहिलो, अन् गरमी तुमच्या डब्याले!"

मीही हसायचे. कूलर मात्र कधी त्यांच्याकडे फिरवला नाही.

*

साच्याला जोडून धातूचा एक जास्तीचा साठा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, थिजताना आकसतं, तेव्हा कमी पडलेला धातू रायझर पुरवतो. पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे. काकांचं दोन ओळींत आटोपायचं.

"रायझर म्हंजे माय. लेकरू थिजेपर्यंत तिनं गरम रायलं पायजे. माय पयले थंडी झाली, का लेकराच्या पोटात पोकळी."

मी हे वहीत लिहून घेतलं. तांत्रिक टीप म्हणून!

*

पंपाच्या केसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, मोठी ऑर्डर आली. माझं मॉडेल म्हणालं, रायझर लहान चालेल. काका म्हणाले, "नाई चालनार. लोखंड आकसते म्याडम, साचा सोडते. मधात फट पडते. मंग गरमी बाहेर जाईल कशी?"

धातू आणि साचा शेवटपर्यंत एकमेकांना चिकटून राहतात, असं मी धरलं होतं. फट घालायची तर मॉडेल नव्यानं चालवावं लागणार होतं. मी म्हटलं, "तेवढ्यानं काही होत नाही काका."

झालं. कास्टिंग आत गरमच राहिलं, रायझर आधी थिजला. केसिंग कापून पाहिलं, तर मधोमध मूठ जाईल एवढी पोकळी.

साचा काकांचा, म्हणून मालक काकांवर ओरडले. काका खाली बघत उभे. मीही उभी होते, चार हातांवर. मॉडेल माझं होतं, आणि मी लॅपटॉप मिटून घेतला.

तीन दिवसांनी मालकांकडे जाऊन चूक माझी होती हे कबूल केलं. ते म्हणाले, "झालं ते झालं." काकांची माफी मागितली, तर ते वाळू चाळत म्हणाले, "पोकळी वरून दिसत नाई म्याडम. कापल्यावरच दिसते."

ओवीनं विचारणं बंद केल्याचा तो आठवा दिवस होता.

*

शनिवारी फट धरून मॉडेल नव्यानं लावलं. दुपारपर्यंत अर्धी स्क्रीन लाल. मी पर्स उचलली.

काका म्हणाले, "काहून? लाल सोडून चालल्या?"

"हो."

मग त्यांनी स्वतः कूलर लॅपटॉपकडे नीट वळवला. "जा. मी पाह्यतो याच्याकडे."

अकोल्याला पोचले तेव्हा ओवी अंगणात उकिडवी बसली होती. वाटीत ओली वाळू दाबून तिनं मधोमध खळगा केला होता आणि चमच्यानं त्यात पाणी सोडत होती. माझी आई दारातून म्हणाली, "ओवे, पाह्य कोन आलं!"

तिनं वर पाहिलं. मी पर्स तिथेच टाकली. "ओवी, निळं झालं बघ सगळं. चल घरी." खोटंच.

ती वाटीकडे वळली. चमच्यानं आणखी थोडं पाणी सोडलं.

"थांब," ती म्हणाली. "माह्यं अजून लालच हाये."