पिंप थंड, पण नळीने घात केला

मंडळी, आज स्वतःवरच चिडलोय. जुन्या फ्रिजला नळ बसवून मी घरीच ड्राफ्ट बिअरची, म्हणजे पिंपातून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरची, सोय केलीय. निवृत्तीनंतर दादा पहिल्यांदाच धारहून देवासला आला, म्हणून दोन दिवस पिंप थंड करत ठेवलं.

नळ उघडला तर नुसता फेस! पिंपातून नळाकडे येणारी फ्रिजबाहेरची हातभर नळी उकाड्याने तापली होती. कसाबसा एक ग्लास भरला. दादाने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"भिया, आंबट लागतेय रे." (आमच्या माळव्यात भावाला भिया म्हणतात.)

नळी काढून पाहिली, तर आत बुळबुळीत थर. मागच्या वेळी मी ती नुसत्या पाण्याने खळबळली होती. आळस माझाच.

दादा रागावला नाही, त्याने चहा मागितला. तेच जास्त लागलं.

तो परवापर्यंत आहे. नळी कशाने धुऊ आणि बाहेरचा भाग थंड कसा ठेवू, सांगा ना कुणीतरी!