फ्रेम आणा, सामान इथंच हाय

आता काय सांगू तुमाला, माझ्या एका फोनपायी आमच्या नांदेडच्या काकाची मिशी गेली! तीबी साधीसुधी न्हाई, चांगली तेल लावून पिळलेली. हसू नका, आधी ऐका तर.

तवा आमी गंगाखेडात राहायचो. मला रेसर सायकलीचं याड लागलेलं. बाकदार हँडल, बारीक टायर, वर गिअर! दिवाळीत परभणी रोडवर सायकलींची शर्यत व्हायची, आन मी दरसाल कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचो. म्हणलं, यंदा उतरायचंच. पण घराचा सगळा कारभार आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या हातात. ते म्हणायचे, "म्हशीचा चारा आणायला एक सायकल हाय की!"

उन्हाळाभर मागं लागलो. शेवटी एक दिवस जेवता जेवता आबा म्हणाले, "घे बाबा. पण एकच चीज भारी घ्यायची. फ्रेम घे न्हाईतर सामान घे. दोन्ही भारी जमायचं न्हाई."

झाली का पंचाईत! सामान म्हणजे गिअर, ब्रेक, चाकं, पायडल. दोस्त म्हणायचे, गिअर भारी घे, पोरी बघतील. सायकल मार्टवाला म्हणायचा, "फ्रेम हलकी पाहिजे. ती नांदेडहून मागव, सामान मी इथंच जुनंपानं जोडून देतो." मला पटलं. तसाच उठलो आन वाण्याच्या दुकानातून काकाला ट्रंक कॉल लावला.

लाइन कसली ती! लाह्या फुटल्यासारखी तडतडायलेली. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "काका, आबा गेले एकदाचे विरघळून!"

'विरघळून' गेलं त्या तडतडीत. काकाच्या कानात पडलं एवढंच, की आबा गेले.

"आँ? कवा?"

"आत्ताच! जेवता जेवता!"

"लय तरास झाला का रे?"

"त्यास्नी कशाचा तरास? मलाच झाला! उन्हाळाभर हात धुऊन मागं लागलो, तवा कुठं गेले!"

पलीकडून हुंदक्यासारखं कायतरी आलं. मला वाटलं लाइनच तडतडायली.

"दिग्या... वहिनी काय करायल्यात?"

"आई खूश हाय! बरं ऐका, येताना फ्रेम घेऊन या. मोठी बघा, चांगल्यातली. बाकी सामान इथंच मिळतंय, सांगून ठेवलंय. लवकर या, उद्याच्या उद्या उरकायचं हाय!"

आता तुमीच सांगा, ह्यात सायकल हा शब्द कुठं आलाय? माझ्या डोक्यात सायकलीबिगर कायच नव्हतं. मला वाटलं, सगळ्या दुनियेच्या डोक्यात तेच असणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. काकू आन आत्यानं उतरता उतरताच हंबरडा फोडला, "देवा रेऽऽ! आमाला न भेटताच कसं गेलाव ओऽऽ!"

मागून काका उतरले, तर ओठावर मिशीच न्हाई! आमी सगळे मयतीला गंगेवर, म्हणजे गोदावरीवरच असू म्हणून जीप आधी घाटावर नेलेली. तिथं कुणीच दिसंना, म्हणून वाट बघता बघता न्हाव्यापुढं बसून मिशी उतरवून घेतलेली. बाप गेल्यावर उतरवतात तशी.

आमच्याकडं तर सगळे ठणठणीत. नांदेडात कोण गेलं म्हणायचं? मीबी काकाच्या गळ्यात पडून रडायला लागलो. कोण कुणासाठी रडायलंय, देवालाच ठाऊक!

रडता रडता माझी नजर काकाच्या काखेत गेली. पेपरात गुंडाळलेलं कायतरी होतं. मी पेपर फाडला. नक्षीची, काच लावलेली, फोटोची फ्रेम! तोंडातून निसटलंच, "काका, ह्याला चाक कुठं बसवू?"

तेवढ्यात मागच्या अंगणातून आबा आले, हातात चहाची बशी. "काय गलका लावलाय रे?"

आत्यानं किंकाळी फोडली. काकू जीपच्या मागं पळाल्या. आबांनी काकाला वरून खालून न्याहाळलं.

"मिशी कुठाय रे? बाप जित्ता असताना मिशी उतरवलीस?"

काका मट्कन खाली बसले, आबांचे पाय घट्ट धरले आन हसावं की रडावं ते न कळून नुसतं म्हणत राहिले, "जित्ते हाव की तुमी! आबा, हाव की!"

खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. आबा जित्ते, नांदेडचेबी सगळे जित्ते! मिशीचं काय, उगवती परत. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या, आन मी सायकलीचं सगळं सांगून टाकलं.

काका चप्पल काढायले होते, पण आबा असे हसले की कवळीच निसटली. ती परत बसवत म्हणाले, "बघ दिग्या. दात नवे, चष्मा नवा, गुडघ्याला पट्टा. सामान सगळं बदललं, पण फ्रेम तीच हाय! तू फ्रेमच घे."

घेतली. काकानंच पाठवली, ह्या खेपेला सायकलीची. दिवाळीत शर्यतीत उतरलो. असा सुटलो म्हणता, सगळे मागं! तेवढ्यात उसाची गाडी आडवी आली. मी जुनापाना ब्रेक दाबला. त्यानं ऐकलंच न्हाई.

आबा धावत आले. आधी सायकल उचलून बघितली, मग माझा जबडा उघडून बघितला.

"दोघांच्याबी फ्रेमला कायबी झालं न्हाई," म्हणाले. "तुझं पुढचं सामान तेवढं गेलंय."

ती नक्षीची फ्रेम? हाय की अजून, बैठकीत लावलीय. त्यात माझाच फोटो हाय, सायकलीसंगट. जवळ जाऊन बघा, तोंड गच्च मिटलेलं हाय.