डोंगरावरून परतलेली मुलगी

यंदा कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पहिलं पाणी सोडलं, आणि तो ओला, मातकट गंध हुडकेश्वरच्या माझ्या घरभर पसरला. एरवी या वासाने मे महिन्यातल्या नागपूरकराचा जीव सुखावतो. माझं मात्र डोकं फिरलं. कारण या वासामागोमाग सदर भागातली एक अंधारी, गार खोली येते, आणि खोलीबरोबर सर येतात. कॉलेजात आम्हाला साहित्य शिकवणारे, आणि सुट्टीतल्या दुपारी मला हौसेने प्राचीन हिब्रू धर्मग्रंथ वाचून दाखवणारे.

पुस्तक चांगलं जाडजूड होतं. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर इंग्रजी. हिब्रू ते आपले आपण शिकले होते. माझं इंग्रजी यथातथाच, म्हणून ते वाचता वाचता मराठी करून सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "देव आहे की नाही हा वाद चपलांसोबत दाराबाहेर ठेव. इथं फक्त लिहिणाऱ्याचा हात पाहायचा." आणि काय हात होता तो! बाप मुलाला बळी द्यायला डोंगराकडे घेऊन निघतो. लाकडं कोणी उचलली, विस्तव कोणाच्या हातात होता, सगळं येतं, पण बापाच्या मनात काय चाललंय याबद्दल चकार शब्द नाही. ते ओझं वाचणाऱ्याने वाहायचं. सर म्हणत, "त्यानं लिहिलं नाही ते आपण घालायचं नाही, आणि लिहिलं ते गाळायचं नाही." हे वाक्य मी पुढे आयुष्यभर मिरवलं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी माझं लग्न ठरवून टाकलं. मला एम.ए. करायचं होतं. "म्या जबान देली हाय, पोरी," एवढंच त्यांचं म्हणणं. धरमपेठेतली मावशी म्हणायची, "तू फक्त माह्याकडे निंघून ये वं, पुढचं पाहू आपण." हे सगळं मी सरांना रडत रडत सांगितलं. त्यांनी थोडी पानं उलटली आणि एका सेनापतीची गोष्ट काढली. लढाई जिंकून दे, मग माझ्या घरातून जो पहिला समोर येईल त्याचा बळी देईन, असा नवस बोललेला बाप. आणि डफ वाजवत, नाचत सामोरी आलेली त्याची एकुलती एक मुलगी. ती चिडत नाही, पळत नाही. मैत्रिणींबरोबर डोंगरावर जाऊन रडायला दोन महिने तेवढे मागते. "आणि ती परत आली," सर सावकाश म्हणाले, "तेव्हा बापाचं काळीज वितळलं. त्यानं शब्द मोडला." मग त्यांनी पुस्तक मिटलं.

मी डोळे पुसले आणि निर्धास्त झाले. मावशीकडे गेले नाही. वडिलांचं काळीज वितळायची वाट पाहत बसले, अंगाला हळद लागेपर्यंत पाहत होते. ते वितळलं नाही. संसार वाईट झाला असं म्हणणार नाही, नवरा भला माणूस आहे. पण एम.ए. राहिलं ते राहिलंच. आणि आपल्या वाट्याला तसा बाप आला नाही, म्हणून मी वडिलांवर ते असेपर्यंत रुसून होते.

गेल्या हिवाळ्यात सदरच्याच एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या ग्रंथाचं मराठी भाषांतर हाती लागलं. माहेरी जावं तशा ओढीने मी ती गोष्ट शोधली. तीत बाप शब्द मोडत नाही. मुलगी डोंगरावरून परत येते, आणि तो नवस फेडतो. एवढ्याशा एका वाक्यात. त्या मुलीला नावसुद्धा दिलेलं नाही. दुकानात उभ्या उभ्या माझे कान तापले. घालू नका, गाळू नका म्हणणाऱ्या माणसानेच मला फसवलं होतं. तेव्हापासून मी सरांकडे जायचं टाळत होते.

परवा त्या वाळ्याच्या वासाने मला घरातून उठवलं. सरांना आता दिसत नाही. खोली तीच, कूलर तसाच घरघरत होता. माझा आवाज ओळखून ते खुलले, म्हणाले, "वाचून दाखव काहीतरी." मी पिशवीतलं भाषांतर काढलं आणि तीच गोष्ट सुरू केली. डफ आला, डोंगर आला. मुलगी परतीच्या वाटेला लागली तसा सरांचा हात वर झाला. "बस. राहू दे." मी थांबले नाही.

"तू रडून राहिली होतीस," ते म्हणाले. "मले तुले घाबरवायचं नव्हतं वं."

"मले घाबरायचीच गरज होती, सर. घाबरली असती तर मावशीकडे गेली असती."

वाईट माणसाने फसवलं तर निदान मनसोक्त शिव्या देता येतात. ज्याने माया करून फसवलं, त्याच्या समोर बसून त्याचा म्हातारा हातच तेवढा पाहावा लागतो.

त्या गोष्टीला आणखी एक ओळ आहे. दरवर्षी त्या मुलखातल्या मुली काही दिवस घर सोडून जात आणि तिच्यासाठी शोक करत. सरांना ती ओळही गाळावी लागली होती. सुखरूप घरी आलेल्या मुलीसाठी कोण कशाला रडेल? माझ्यासाठीही कोणी रडलं नाही. मीसुद्धा नाही, त्या दुपारपासून मी रडणंच सोडून दिलं होतं. ती ओळ मी सरांना दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्या खेपेला ती मला पुरी करता आली नाही.