‘येतो’ नावाचा संगणक

थेरगावच्या घरात इंटरनेटची तार आली एकच, आणि तिच्यावर चार संगणक चालू लागले, ही मधुसूदनरावांची करामत. चाकणच्या कंपनीत देखभाल विभागात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला बिननावाचं यंत्र खपत नसे. राउटरच्या यादीत त्यांनी प्रत्येक संगणकाला त्याच्या धन्याच्या तोंडचे शब्द बहाल केले. मुलगा क्षितिजचा ‘पाचच मिनिटं’, मुलगी अनुयाचा ‘थांब ना गं’, पत्नी पद्माताईंचा ‘चष्मा कुठंय’. स्वतःचा ‘येतो’.

घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं आणि घरातल्याने ‘या’ म्हणावं, ही रीत ते काटेकोर पाळत. दीड वर्षापूर्वी एका सकाळी उंबऱ्यातून त्यांनी “येतो गं” म्हटलं, तेव्हा पद्माताई गणिताची ऑनलाइन शिकवणी घेत होत्या. माईक सुरू होता. त्यांनी नुसता हात हलवला. तो निरोपाचा होता की ‘गप्प राहा’ असा, हे त्यांना आजही नक्की सांगता येत नाही. अकराला कंपनीतून फोन आला. छातीत कळ आली आणि सगळं संपलं होतं.

परवा दुपारी नेट मंदावलं म्हणून क्षितिजने ती यादी उघडली. ‘येतो’पुढे हिरवा ठिपका होता.

“आई, बाबांचा कॉम्प्युटर लावलास का?”

पद्माताई आतल्या खोलीत गेल्या. संगणकावरची चादर उचलली. प्लग काढलेलाच होता. काचेवरची धूळही कुणी हलवली नव्हती. त्या बाहेर आल्या. ठिपका होता तसाच होता.

“कुणीतरी आपलं नेट वापरतंय,” क्षितिज म्हणाला. “उद्या ऑफिसची तपासणी आहे. परकं यंत्र दिसलं की माझं घरून काम बंद. उडवतो याला.”

“नको रे...”

तोवर त्याने बटण दाबलं होतं. ठिपका विझला. पद्माताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

इतक्यात जिन्यावरून हाक आली, “काकू, माजंच नेट कामून गेलं?”

वरच्या भाडेकरूंची वर्षाली. क्षितिजने कपाळावर हात मारला. बाबांच्या संगणकाला लावायची वायफायची बोटभर काडी त्यानेच दिवाळीत तिला दिली होती, पासवर्डही दिला होता, आणि विसरून गेला होता. नाव संगणकाला नव्हे, त्या काडीला चिकटलेलं.

“भूत नाही गं आई, काडी आहे काडी!” तो मोठ्याने हसला. “आता तिचं नाव घालतो.”

“संध्याकाळपर्यंत राहू दे.”

“अगं, तपासणी...”

“उद्या आहे ना?”

त्याने नेट सुरू करून दिलं. ठिपका पुन्हा उगवला. पद्माताई त्याच्यासमोर बसून राहिल्या, चहा निवला. सहाला वर्षाली संगणक बंद करून क्लासला निघाली, तशी ‘येतो’ ही अक्षरं राखाडी झाली.

पद्माताई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि रिकाम्या जिन्याकडे पाहून स्पष्ट म्हणाल्या, “या.”

“आई, बदलू आता?” आतून क्षितिजने विचारलं.

“बदल.”

माणूस बाहेर पडल्या पडल्या दाराला कडी घालू नये, हीसुद्धा मधुसूदनरावांचीच रीत. दिवेलागण झाली, डास घरात शिरू लागले, तरी पद्माताईंनी कडी घातली नाही.