कुमुदने विचारलेला प्रश्न

वाग्देवतेला आणि कुलस्वामिनीला वंदन करून, धाकटी बहीण कुमुद हिच्या पहिल्या मासिक श्राद्धाच्या निमित्ताने हे लिहीत आहे. महिन्यापूर्वी सकाळची पूजा चालू असताना नांदेडहून तिच्या शेजारणीचा फोन आला. "गुरुजी, बाई उठंनात ओ..." एवढेच ती बोलली. हातातली फुले मी देवाला वाहिली आणि मगच उठलो. आयुष्यभर मी हेच केले. विधी आधी, कुमुद नंतर.

कुमुद नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे, मी लातुरात संस्कृतचा अध्यापक. माणसाच्या उत्पत्तीविषयी आमचे कधी जुळले नाही. ती सांगे, वानराचे पिल्लू पाहावे : चपटा चेहरा, मोठे डोके, नाजूक जबडा, बरेचसे आपल्यासारखे. ते वाढते तसे तोंड पुढे येते, खेळणे सरते. माणूस मात्र बाळपण पुष्कळसे जवळ ठेवूनच मोठा होतो, म्हातारपणीही त्याला खेळावेसे, शिकावेसे वाटते. "हे का झालं असेल, दादा? अनुमान आहे हं, सिद्धान्त नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जोडीदार निवडताना बायांनी आडदांडाला नाकारलं असेल, खेळकर माणूस पसंत केला असेल. मोराचा पिसारा लांडोरीच्या नजरेनं घडला, तसाच माणूसही थोडाफार पसंतीनं घडला." मी सृष्टिकर्त्याचे नाव घेतले की हसून म्हणे, "त्यानंच लांडोरीला डोळे दिले ना?"

याच विचाराने तिने एकदा एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर मी येऊ दिले नाही.

तेव्हा तिचे एम.एस्सी. नुकतेच झाले होते. वडील हयात नव्हते, घरचा कर्ता मी. त्याआधी चार ठिकाणची मंडळी पोहे खाऊन, तिला चालायला लावून, तिचे अक्षर पाहून गेली होती. पाचव्यांदा निलंग्याचे एक व्यापारी मुलाला घेऊन आले. निघताना रीत म्हणून ते म्हणाले, "तुला काही विचारायचंय का, बाई?" कुमुदने मान वर केली आणि थेट मुलाला विचारले, "तुम्ही शेवटचं कधी खेळलात?"

व्यापाऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "गुरुजी, आम्ही पोरीला बघायला आलोत, का पोरगी आमच्या पोराला बघायलीय?" सोबतचे हसले. मुलगा हसला नाही. त्याने बशी खाली ठेवली, तिच्याकडे पाहिले, ओठ उघडले... आणि मीच घाईने म्हणालो, "पोरकट आहे जरा, मनावर घेऊ नका." तिला आत जायला सांगितले.

मंडळी गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "दादा, तो बोलणार होता."

"चार माणसांत असं विचारतात का?"

"तू वर्गात स्वयंवर शिकवतोस. तिथं मुलीच्या हातात माळ असते. आपल्या घरी पोह्यांचा ट्रे."

आठवड्याने निरोप आला : मुलाला मुलगी पसंत आहे, मात्र तिने माफीचे पत्र लिहावे. ते पत्र तिच्या नावाने मी लिहिले. तिला कळले तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. त्या स्थळाला तिने स्वतः नकार कळवला, नांदेडची नोकरी धरली आणि पुन्हा कुणापुढे पाटावर बसली नाही. दर भाऊबीजेला येऊन ती मला ओवाळत राहिली, त्या पत्राचा शब्दही तिने काढला नाही. निरांजनाच्या उजेडात तिच्याकडे पाहणे मला दरवर्षी अधिक जड जाई. दहाव्याला नातलग हळहळले, "एकटीच राहिली बिचारी." मीही मान हलवली. तिला एकटी कुणी ठेवली, हे त्यांतल्या एकानेही विचारले नाही. विचारले असते तरी मी खरे बोललो असतो, याची मला खात्री नाही.

परवा नांदेडची तिची खोली आवरायला गेलो. टेबलावर एका डबीत पाच सागरगोटे होते, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. शेजारीण म्हणाली, "रोज दुपारी आमच्या पोरींसंगं खेळायच्या. हरल्या की भांडायच्या सुद्धा." ती गेल्यावर मी एक गोटा वर उडवून पाहिला. खालचा उचलायच्या आतच तो फरशीवर पडून घरंगळत कॉटखाली गेला. तो काढायला वाकणे मला जमले नाही...

वाचकहो, जगदंबा आपल्या घरादाराचे रक्षण करो, लेकीबाळींना उदंड आयुष्य देवो. आपल्या घरी पाहुणे येतील आणि मुलगी मान वर करून काही विचारील, तेव्हा उत्तर येईपर्यंत गप्प बसण्याची बुद्धी ती घरच्या कर्त्याला देवो.